कानाला लिपी नसते
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



काही वर्षांपूर्वी उर्दू शाळेतून एक मुलगा माझ्या हिंदीच्या वर्गात आला. धडा वाचताना तो अडखळे, मुले हसत. मीही त्याला कच्चा समजलो. एके दिवशी मी एक नवा उतारा मोठ्याने वाचून दाखविला व त्यावर प्रश्न विचारले. पहिला हात त्याचाच वर आला! भाषा त्याला येत होती. नवी होती ती फक्त लिपी. चूक माझीच होती.

हे मर्म मुंबईतील एका आईने फार पूर्वी ओळखले होते. कुलसुम सयानी यांनी गांधीजींच्या सांगण्यावरून १९४० पासून नवसाक्षरांसाठी 'रहबर' नावाचे पाक्षिक चालविले. ते देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे. भाषा मात्र एकच, सोपी हिंदुस्तानी. या कामात आईला हातभार लावणारा मुलगा म्हणजे अमीन सयानी.

पुढे १९५२ साली रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. ध्वनिमुद्रण मुंबईत होई आणि फिती कोलंबोला जात. आईने कागदावर जपलेली भाषा मुलाने आकाशवाटे घरोघर पोहोचविली. १९५७ साली विविध भारती आली. ही हिंदी की उर्दू, असे ऐकणाऱ्याने कधी विचारले नाही. दूरदर्शनवर १९८८ ते १९९० या काळात गाजलेल्या 'महाभारत' मालिकेचे संवादही डॉ. राही मासूम रझा यांनी लिहिले होते, हे आपल्या मुलांना जरूर सांगा.

आपल्या नवी मुंबईत कोकणातली, मराठवाड्यातली, उत्तर प्रदेश-बिहारमधली कुटुंबे शेजारी-शेजारी राहतात. पूर्वी घरात एकच रेडिओ असे आणि सारे मिळून ऐकत. आज प्रत्येकाच्या हाती आपापला मोबाईल आहे. एकत्र ऐकणे संपले, की एकमेकांचे शब्दही परके वाटू लागतात.

काही पालक मला विचारतात, "सर, अशाने आमची उर्दू जाणार नाही ना?" ही काळजी खोटी नाही. रेडिओने शब्द जगविले, पण अक्षरे शिकविली नाहीत. ती घराने आणि शाळेनेच शिकवावी लागतील. म्हणून माझी एक सूचना आहे. दर शनिवारी शाळेच्या ध्वनिक्षेपकावरून मुलांनी दहा मिनिटांचे वार्तापत्र वाचावे. मजकूर एकच असावा. एकाने तो देवनागरीत लिहावा, दुसऱ्याने उर्दूत. पुढच्या शनिवारी दोघांनी लिपी बदलावी. खर्च काही नाही. लागेल ती थोडी चिकाटी.

विद्यार्थी मित्रांनो, शेजारच्या बाकावरचा मुलगा वाचताना अडखळला तर हसू नका. आधी त्याचे बोलणे ऐका. कदाचित तो तुमचीच भाषा बोलत असेल.