वळण कुणी बिघडवलं?

(लोणंद येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी बऱ्याच जणी आज अर्धा रोज बुडवून आल्या आहेत, म्हणून लांबण लावत नाही.

या भागातली एक बाई माझ्याकडे आली होती. मुलगा दुसरीत. एका जागी बसत नाही, शिकवलेलं लक्षात राहत नाही, जरा बोललं की अंगावर धावून येतो. शाळेतून निरोप आला, आईनं लक्ष घालावं. सासू म्हणाली, हिनं वळणच लावलं नाही. नवऱ्यानं दोघांचं ऐकलं आणि हिलाच मारलं. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, पण मीही पहिल्यांदा हेच विचारलं, ‘तुम्ही त्याला वेळ किती देता?’ आज त्याची लाज वाटते. पोटुशी असताना काय काम करत होता, हे मला सुचलंच नाही. ते तिनं आपणहून सांगितलं. सातव्या महिन्यापर्यंत कांद्याची खुरपण. सकाळी फवारलेल्या वाफ्यात दुपारी बसायचं आणि त्याच साडीनं घरी येऊन भाकरी थापायच्या.

मेक्सिकोत याकी नावाचं खोरं आहे. तिथल्या चार-पाच वर्षांच्या मुलांची पाहणी एलिझाबेथ गिलेट या मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९९८ साली प्रसिद्ध केली. खोऱ्यात भरपूर फवारणीची शेती, डोंगरउतारावर ती जवळजवळ नाही. समाज एकच, खाणंपिणं सारखंच. डोंगरावरच्या मुलांनी काढलेला माणूस ओळखू येत होता. खोऱ्यातल्या पुष्कळ मुलांच्या कागदावर नुसत्या रेघोट्या. चेंडू झेलण्यात, सांगितलेलं लक्षात ठेवण्यातही ती मागं. जाता-येता भावंडांना मारणं, आई जरा बोलली की चिडणं, हेही खोऱ्यातल्याच मुलांत दिसलं. पाहिलेली मुलं थोडी होती, एवढ्यावर सगळं सिद्ध होत नाही. पण माझ्या डोळ्यांपुढून त्या रेघोट्या हलत नाहीत.

हे घडत कसं असेल? गलगंड आपल्याला माहीत आहे, गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचा आजार. या ग्रंथीचं संप्रेरक बाळाच्या मेंदूची घडण करतं, आणि पहिले काही महिने ते आईच्याच रक्तातून मिळतं. काही कीटकनाशकं आणि प्लास्टिकमधली काही रसायनं अशा संप्रेरकांची नक्कल करतात किंवा त्यांची वाट अडवतात. मात्रा इतकी थोडी असू शकते की आईला काहीच होत नाही. बाळंतपण सुखरूप होतं, बाळ गुटगुटीत असतं. फरक दिसतो तो शाळेत गेल्यावर. तोवर फवारणी कुणाच्या लक्षात असते?

केरळात कासरगोडला काजूच्या बागांवर २००० सालापर्यंत विमानातून एन्डोसल्फान फवारलं गेलं. तिथल्या मुलग्यांचं वयात येणं लांबल्याचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली ती २०११ साली!

आपण या विषाला ‘औषध’ म्हणतो, तिथूनच घोळ सुरू होतो. डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो. तो रंग एवढंच सांगतो की हे विष अंगात गेलं तर जीव जाण्याचा धोका किती. पोटातल्या बाळाचं काय होईल, हे त्या रंगात कुठेच नाही. म्हणून हिरवा त्रिकोण पाहून निर्धास्त होऊ नका.

कुणी म्हणेल, मग गरोदर बाईनं शेतात जाऊच नये. तिचा रोज कोण भरून देणार? बाईला घरी बसवायला हे आणखी एक कारण मला नको आहे. फवारणी कधी झाली हे मजुरांना आधी सांगा, तेवढे दिवस त्या वाफ्यात पाठवू नका, दुसरं काम द्या आणि रोज कापू नका, हे मालकांना ग्रामसभेत सांगावं लागेल. हात-पाय धुवायला बांधावर पाणीही हवं.

त्या मुलाचं फवारणीमुळंच झालं, असं मी म्हणू शकत नाही. एकेका मुलाबद्दल तसं कुणालाच सांगता येणार नाही. तिच्या सासूला मी एवढंच सांगून आले की सुनेलाही तसंच दोषी ठरवता येत नाही. मुलाची तपासणी आता सुरू आहे.

पुढच्या बैठकीला येताना डब्याबरोबर मिळणारं माहितीपत्रक आणा. ते मराठीतही असायला हवं, आपण मिळून वाचू. डबा मात्र आणू नका, आणि रिकामा झाला तरी त्यात पाणी भरू नका.