जनरल मोटर्स : जोडणी आणि घडण

(शताब्दी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाची संहिता)



पांढुर्णा आणि सौंसर या गावांचा अमेरिकेतील मोटारींच्या कारखान्याशी काय संबंध, असा प्रश्न आजचा विषय वाचून पुष्कळांच्या मनात आला असेल. संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. आंबिया बहार असो वा मृगाचा, संत्रे उतरू लागले की या दोन्ही तालुक्यांतील बागाईतदाराचे वर्षाचे गणित मालमोटारीपाशी येऊन थांबते. मालमोटार वेळेवर मिळाली तर माल दूरच्या बाजारात पोचतो, नाही तर झाडाखालीच मातीमोल होतो. हा एक संबंध. दुसरा अधिक नाजूक आहे. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातून हे तालुके वेगळे काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. नव्या जिल्ह्याच्या पहिल्या मागण्यांत कारखाना असतोच, आणि सौंसर तालुक्यात बोरगावचे औद्योगिक क्षेत्र असल्याने येथे ती मागणी अधिकच स्वाभाविक आहे. मोठी कंपनी येते तेव्हा काय आणते आणि जाते तेव्हा मागे काय ठेवते, हे पाहावयाचे तर जनरल मोटर्सइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण. कारण ही कंपनी महाराष्ट्रात दोनदा आली आणि दोनदा निघून गेली.

या कंपनीचा आरंभ मोटारीत नाही, घोडागाडीत आहे. मिशिगन राज्यातील फ्लिंट गावी विल्यम ड्युरंट नावाचा विमा विकणारा एक तरुण होता. १८८६ साली तो एका हलक्या दुचाकी गाडीत बसला. त्या गाडीला धक्के बसत नाहीत हे पाहून, दीड हजार डॉलर कर्जाऊ घेऊन, त्याने ती गाडी बनविण्याचा हक्कच विकत घेतला. ओझ्याची बंडी आणि माणसांची दमणी यांतला फरक ज्या मुलखात लहान मुलालाही ठाऊक आहे, तेथे ड्युरंटला काय दिसले हे समजावून सांगण्याची गरज नाही. अल्पावधीत तो देशातील सर्वांत मोठ्या घोडागाडी कारखानदारांपैकी एक झाला. १९०४ साली त्याने ब्यूइक ही डबघाईला आलेली मोटार कंपनी हाती घेतली आणि १६ सप्टेंबर १९०८ रोजी जनरल मोटर्सची स्थापना केली. ओल्डस्मोबिल, कॅडिलॅक, ओकलंड अशा कंपन्या त्याने एकामागून एक विकत घेतल्या, त्याही बहुधा उधारीवर. १९१० साली सावकारी पेढ्यांनी त्याला बाजूस सारले. मग लुई शेव्हरोले या स्विस वंशाच्या शर्यतपटूच्या नावाने त्याने १९११ साली दुसरी कंपनी काढली आणि तिच्या बळावर १९१६ साली जनरल मोटर्स परत जिंकली. १९२० साली ती पुन्हा हातची गेली, ती कायमची. उतारवयात या गृहस्थाने फ्लिंटमध्ये चेंडू लोटून लाकडी खुंट्या पाडण्याच्या खेळाचे दालन चालविले. १९४७ साली तो वारला. उभे करणे आणि सांभाळणे हे दोन वेगळे गुण आहेत, आणि ते एका माणसात क्वचितच एकत्र येतात.

सांभाळणारा पुढे आला तो आल्फ्रेड स्लोन. १९२३ साली तो अध्यक्ष झाला. हेन्री फोर्डची श्रद्धा एकाच मॉडेलवर होती; तेच यंत्र, तोच साचा, दरसाल थोडी कमी किंमत. स्लोनने माणसाच्या ऐपतीची शिडी मांडली. खालच्या पायरीवर शेव्हरोले, वर पाँटियाक, ओल्डस्मोबिल, ब्यूइक आणि शिखरावर कॅडिलॅक. पगार वाढला की गिऱ्हाइकाने एक पायरी चढावी, पण घराबाहेर जाऊ नये. दरवर्षी रूप बदलावे, म्हणजे गतवर्षीची धडधाकट गाडीही मालकाला जुनी वाटू लागेल. कंपनीची हप्त्यांवर कर्ज देणारी शाखा तर १९१९ सालीच निघाली होती. आज ट्रॅक्टरपासून दूरचित्रवाणीसंचापर्यंत प्रत्येक वस्तू हप्त्याने घेणाऱ्या कुटुंबाने या शाखेचे स्मरण करावे. ते कृतज्ञतेने करावे की अन्य भावनेने, हे ज्याच्या त्याच्या कर्जखात्यावर अवलंबून आहे. १९२७ साली फोर्डला आपले मॉडेल टी बंद करावे लागले आणि शेव्हरोलेने आघाडी घेतली.

या भरभराटीच्या वर्षांतच कंपनीची नजर समुद्रापलीकडे गेली. तयार मोटार जहाजात फार जागा खाते. तिचे सुटे भाग खोक्यांत भरले तर थोडक्या भाड्यात पुष्कळ गाड्या जातात. म्हणून परदेशी बंदरांत जोडणीचे कारखाने निघाले. १९२७ साली जपानमध्ये ओसाका येथे आणि १९२८ साली मुंबईत शिवडी येथे. शिवडीच्या कारखान्यातून १९२८ च्या अखेरीस शेव्हरोले बाहेर पडू लागल्या. हिंदुस्थानातील मोटार जोडणीची ही पहिली मोठी कर्मशाळा मानली जाते. फोर्डची कंपनीही त्याच सुमारास मुंबईत आली होती. विदेशी खोके उघडावे, चौकटीवर इंजिन बसवावे, चाके चढवावी आणि गाडी रस्त्यावर सोडावी, हे शिवडीच्या कामाचे स्वरूप होते. रोजगार खरा होता, हातांना वळणही लागत होते. मात्र इंजिनाचा साचा, पोलादाची जात आणि आराखडा हे सारे सातासमुद्रापार राहिले.

ओसाका आणि शिवडी यांच्यात एका वर्षाचे अंतर. परंतु पुढची कथा फार वेगळी झाली. जपानमधील किइचिरो टोयोडा यांचे घराणे यंत्रमागांचे. त्यांनी एक शेव्हरोले खोलून तिच्या इंजिनाचा कसून अभ्यास केला आणि तशाच बांधणीचे आपले पहिले इंजिन तयार केले. १९३६ साली जपान सरकारने कायदा करून परदेशी मोटार कंपन्यांचे हातपाय बांधले. त्यामागे लष्करी महत्त्वाकांक्षा होती हे विसरता येणार नाही. दशकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकन कंपन्यांचा तेथील कारभार थांबला. आपल्याकडे त्याच सुमारास मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे देशी मोटार कारखान्याची योजना घेऊन सरकारदरबारी खेटे घालीत होते. मुंबई इलाख्यात अभियंता म्हणून ज्यांची कारकीर्द सुरू झाली, त्या विश्वेश्वरय्यांनी त्यासाठी अमेरिकेचा दौरा केला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ती योजना उचलली आणि क्रायस्लर या अमेरिकन कंपनीशी करार केला. युद्धकाळात ब्रिटिश सरकारने तिला पाठबळ दिले नाही. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या निघावयास १९४७ साल उजाडले. जपानी माणूस शेव्हरोले खोलत होता तेव्हा मराठी मुलखातला कारागीर ती जोडत होता. दोघांच्या हाती पाना तोच होता. फरक कसबाचा नव्हता, परवानगीचा होता.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत रस्त्यांवर परदेशी गाड्यांचेच राज्य होते. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी राज्य परिवहनाची पहिली बस धावली. या सेवेचा आरंभ झाला तो लाकडी सांगाड्याच्या तीस बेडफर्ड गाड्यांवर, आणि बेडफर्ड हे जनरल मोटर्सच्याच ब्रिटिश शाखेचे अपत्य. त्या ताफ्यात पुढे शेव्हरोले होती, फोर्डसन, स्टुडबेकर, मॉरिस आणि आणखीही कितीतरी. दहा जातींच्या गाड्या आणि दहा जातींचे सुटे भाग! त्या काळातल्या आगारप्रमुखांच्या सहनशक्तीला दाद द्यावयास हवी.

१९५३ साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्या कंपन्यांकडे देशात क्रमाक्रमाने संपूर्ण गाडी घडविण्याचा कार्यक्रम असेल, त्यांनाच यापुढे परवानगी असावी. नुसत्या जोडणीला मुभा नको. जनरल मोटर्सने हिशेब केला. एवढ्या लहान बाजारासाठी ओतशाळा आणि साचे उभारणे तिला परवडणारे वाटले नाही. १९५४ साली तिने शिवडीतील काम बंद केले. फोर्डनेही तीच वाट धरली. योगायोग असा की त्याच १९५४ साली जमशेदपूरला टाटांच्या टेल्को कारखान्यातून जर्मनीच्या डायम्लर-बेंझच्या सहकार्याने मालमोटारी निघू लागल्या. पंधरा वर्षांच्या त्या कराराची मुदत १९६९ साली संपली तेव्हा टेल्को स्वबळावर गाड्या बनवीत होती. संत्र्याच्या पेट्या दिल्लीकडे नेणाऱ्या मालमोटारींचे कूळ शिवडीत नाही, जमशेदपुरात आहे.

तथापि १९५३ चे धोरण सर्वस्वी शहाणपणाचे होते असे म्हणणे हा भाबडेपणा ठरेल. पाहुण्यांना बाहेर घालविल्यावर घरातल्या दोनतीन मुलांना कोणी शर्यतीत उतरविलेच नाही. प्रीमियरची फियाट, हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसिडर आणि स्टँडर्ड यांच्यासाठी गिऱ्हाइकाने वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे अशी स्थिती आली. जपानी कारखानदारांना घरात संरक्षण होते, पण युद्धानंतर त्यांना परदेशी बाजारात मार खात शिकावे लागले. येथे संरक्षण तेवढे राहिले, परीक्षा राहिली नाही.

तिकडे अमेरिकेत जनरल मोटर्स शिखरावर होती. १९५५ साली वर्षाला शंभर कोटी डॉलरहून अधिक नफा मिळविणारी ती पहिली अमेरिकन कंपनी ठरली. देशातल्या दर दोन गाड्यांमागे जवळजवळ एक तिची असे. त्या वैभवाला एक दुसरी बाजू होती, आणि तीही फ्लिंटचीच. ३० डिसेंबर १९३६ पासून ४४ दिवस तेथील कामगार कारखान्याच्या आत ठाण मांडून बसले आणि त्यांनी संघटनेला मान्यता मिळविली. पुढल्या काळात येथील कामगाराचे वेतन व निवृत्तिवेतन हा अमेरिकन मध्यमवर्गाचा पाया झाला. पण गुणवत्तेकडे झालेले दुर्लक्ष, इंधनाची महागाई आणि जपानी गाड्यांची काटकसर यांनी पाया पोखरला. २००८ साली टोयोटाने जागतिक विक्रीत तिला मागे टाकले आणि १ जून २००९ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकन सरकारने सुमारे पाच हजार कोटी डॉलर ओतून तिला वाचविले.

या पार्श्वभूमीवर तिचे दुसरे आगमन पाहावे. उदारीकरणानंतर, १९९४ साली, हिंदुस्थान मोटर्सशी भागीदारी करून ती परत आली. गुजरातेतील हलोल येथून १९९६ साली ओपेल अ‍ॅस्ट्रा निघाली. २००३ पासून शेव्हरोले हे जुने नाव पुन्हा झळकले आणि सप्टेंबर २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगाव येथे नवा कारखाना सुरू झाला. मूळ कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना हे उद्घाटन झाले! या वेळी जोडणीचा आरोप करता येणार नाही. तळेगावात इंजिनेही तयार होत. परंतु निर्णयाची किल्ली तळेगावात नव्हती. २००९ च्या अखेरीस भारतीय शाखेतील अर्धा वाटा चिनी भागीदाराला देण्याचे ठरले, २०१२ साली बहुतांश मालकी परत आली. २०१३ साली धूरचाचणीतील गैरप्रकारापायी १ लाख १४ हजार टवेरा गाड्या माघारी बोलवाव्या लागल्या. जुलै २०१५ मध्ये कंपनीच्या प्रमुख मेरी बारा यांनी भारतात शंभर कोटी डॉलर गुंतविण्याची घोषणा केली आणि मे २०१७ मध्ये त्याच कंपनीने वर्षअखेर भारतातील विक्री थांबविण्याचे जाहीर केले. बाजारातील तिचा वाटा तेव्हा एक टक्क्याच्याही खाली होता. त्याच वर्षी तिने युरोपातील ओपेलही विकली. म्हणजे भारतावर काही विशेष राग होता असे नव्हे. डेट्रॉइटच्या पाटीवर काही आकडे पुसले गेले, त्यांतला एक येथला होता.

यानंतर तळेगावच्या गाड्या मेक्सिकोसारख्या परदेशांत जात राहिल्या. डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले. कारखाना चिनी ग्रेट वॉल कंपनीस विकण्याचा प्रयत्न शेजारी देशांतील गुंतवणुकीवरील निर्बंधांमुळे २०२२ साली फसला. दरम्यान २०२१ साली सुमारे चौदाशे कामगारांना कामावरून कमी करण्याची नोटीस मिळाली आणि त्यांची लढाई न्यायालयांत गेली. फ्लिंटच्या कामगारांना ४४ दिवस बसावयास चालू यंत्रे तरी होती. ती अडवून धरली की मालकाचे नुकसान होत असे. ज्याने जायचे ठरविलेच आहे, त्याची बंद यंत्रे अडवून त्याच्यावर कसले दडपण येणार? तळेगावच्या कामगाराची कोंडी ही होती.

चाकण, पिंपरी, भोसरीकडचे सुटे भाग बनविणारे कारखानदार मात्र यातून बहुतांशी तरले, कारण त्यांनी एकाच गिऱ्हाइकावर विसंबून राहण्याचे टाळले होते. जो ब्रेकचा भाग एका कंपनीसाठी घडतो, तोच हात दुसऱ्यासाठी वेगळ्या मापाने घडवितो. बोरगावच्या भूखंडांवर उद्या कोणी मोठे नाव येणार असेल, तर त्याच्या कमानीची उंची पाहण्याआधी त्याच्या भोवती असे किती छोटे कारखाने उभे राहतील, त्यांना दुसरे गिऱ्हाईक धरण्याची मोकळीक असेल काय, आणि येथला मुलगा पाना फिरविण्यापलीकडे साचा करावयास शिकेल काय, हे विचारावयास हवे. पांढुर्ण्याहून पुणे दूर आहे, पण चौकशी करून येण्याइतके नक्कीच जवळ आहे.

तळेगावचा कारखाना ह्युंदाई या कोरियन कंपनीने विकत घेतला. ऑगस्ट २०२३ मध्ये करार झाला आणि २०२५ साली तेथून तिच्या गाड्या निघू लागल्या. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीत पहिली शेव्हरोले जोडली, तेव्हा कोरियात मोटार घडविणारी एकही कंपनी नव्हती.