जाहक, नोंदणी आणि बाजारपेठ

(जबलपूर येथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



जाहक, म्हणजेच हेजहॉग, हा साळिंदर नव्हे. हिंदीत त्याला ‘झाऊ चूहा’ म्हणत असले तरी तो उंदीरही नव्हे. त्याची एक लहान आफ्रिकी प्रजाती हौसेने पाळली जाते. हे कायदेशीर आहे काय, असे कोणी विचारले तर ‘कोणता जाहक?’ असा प्रतिप्रश्न प्रथम करावा लागतो.

राजस्थान-गुजरातच्या कोरड्या प्रदेशांत व तमिळनाडूत आढळणारे जाहक हे आपले वन्यप्राणी होत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या जुन्या चौथ्या अनुसूचीत हेजहॉगचा उल्लेख होता. आणि या कायद्याच्या परिभाषेत प्राणी पकडणे हीदेखील शिकारच. मात्र जुन्या मार्गदर्शकांतील ‘चौथी अनुसूची’ पाठ करू नका. २०२२ च्या दुरुस्तीने सहा अनुसूचींच्या चार झाल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून चौथी अनुसूची ‘साइट्स’ करारातील प्रजातींसाठी आहे. वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या या करारात भारत १९७६ मध्ये सामील झाला.

विदेशी प्राण्यांचे नियमन याच करारावर बेतलेले आहे. जून २०२० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने सहा महिन्यांची मुदत देऊन, त्या अवधीत असे प्राणी घोषित करणाऱ्यांकडे कागदपत्रे मागितली जाणार नाहीत, असे जाहीर केले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना येथे १९९७ ची उत्पन्नाच्या स्वेच्छा-घोषणेची योजना आठवावी! २०२४ च्या नियमांनुसार चौथ्या अनुसूचीतील प्राणी नव्याने ताब्यात आल्यास ३० दिवसांत ‘परिवेश’ पोर्टलद्वारे मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवावे लागते. परंतु आफ्रिकी जाहक ‘साइट्स’च्या परिशिष्टांत नाही. परिणामी ही नोंदणी त्याला लागू होत नाही. आयातीवर निर्बंध, घरात मात्र मोकळीक, अशी ही विसंगती आहे.

देशात जन्मलेले पिल्लू आणि चोरट्या मार्गाने आलेले पिल्लू ग्राहकाला सारखेच दिसते. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी मांडलेली माहितीची विषमता ती हीच. प्रामाणिक विक्रेत्याला खर्च अधिक. भाव मात्र तेवढाच. आपल्या जबलपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठात वन्यजीव न्यायवैद्यकाचा अभ्यास होतो. डीएनए तपासणीने प्रजाती सांगता येते. ती कोणत्या मार्गाने आली, हे सांगता येत नाही.

आक्रमक परकीय प्रजातींची आयात, व्यापार व बाळगणे नियंत्रित करण्याचा अधिकार २०२२ च्या दुरुस्तीने केंद्राला दिला आहे. पण त्यासाठी प्रजातीपासून वन्यजीवांना धोका संभवतो, असे दिसावे लागते. माझ्या मते, आयात झालेल्या प्रत्येक वन्य प्रजातीपर्यंत नोंदणी वाढवणे अधिक सुटसुटीत ठरेल. तोवर आयातीची कागदपत्रे मागून घेणे, एवढेच ग्राहकाच्या हाती आहे.