विज्ञानाच्या जागा आणि आपली मुले
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात भंडारा येथे केलेले भाषण)



पदार्थविज्ञानात एम.एस्सी. किंवा अभियांत्रिकीत पदवी घेतलेली मुलेमुली आज आपल्या समाजात घरोघरी आढळतात. परंतु विद्यापीठात प्राध्यापक अथवा संशोधनसंस्थेत शास्त्रज्ञ झालेले किती, हे मोजू गेल्यास एका हाताची बोटे पुरून उरतात. बुद्धी उणी आहे काय? मुळीच नाही. उणी आहे ती वाटेची माहिती.

मी एम.एस्सी. झालो तेव्हा एका संशोधनसंस्थेची जाहिरात एका आप्ताच्या घरी जुन्या वर्तमानपत्रात माझ्या दृष्टीस पडली. अर्जाची मुदत नऊ दिवसांपूर्वीच संपली होती. वडील म्हणाले, "हातची मास्तरकी सोडू नको, बाबू." मी ती सोडली नाही आणि तिचा मला खेदही नाही. पण ती जाहिरात वेळेवर हाती आली असती तर, हा विचार आजही मनात येतो.

विज्ञान आपल्यापासून दूर नाही. कामठीचे खाणमालक डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राद्वारे नागपूर विद्यापीठास धन दिले. त्यातून १९४२ साली त्यांच्या नावाची तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. आज 'नीरी' म्हणून ओळखली जाणारी संस्था नागपुरात १९५८ साली, तर आजचे व्ही.एन.आय.टी. १९६० साली सुरू झाले. आपल्या जवाहरनगरला तर आयुध निर्माणीच आहे.

आता वाट सांगतो. एम.एस्सी. करणाऱ्याने सी.एस.आय.आर.-यू.जी.सी.ची नेट परीक्षा द्यावी. तीत कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाल्यास, २०२३ पासूनच्या दराने, पीएच.डी. करताना आरंभी दरमहा ३७,००० रुपये मिळतात. म्हणजे संशोधन हा बापाच्या धानावर भार नव्हे. अभियंत्याने गेट द्यावी. भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून चालू असून, तेथे निवड झालेल्यास विद्यावेतन देऊन शिकवितात व यशस्वी उमेदवारास शास्त्रीय अधिकारी नेमतात.

मात्र जाहिरात डोळसपणे वाचावी. जागा कायम आहे की तासिका तत्त्वावर, हे आधी पाहावे. तासिकांवर दहा-दहा वर्षे झिजलेली, पीएच.डी. झालेली माणसे मी पाहिली आहेत. राखीव जागेसाठी जातवैधता व नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्रे आधीच काढून ठेवावीत. कागदावाचून हातातोंडाशी आलेली जागा जाऊ नये.

मंडळास माझी एकच विनंती आहे. दर आठवड्यास 'रोजगार समाचार' व संस्थांच्या जाहिराती वाचून, अर्जाच्या मुदतीसह फलकावर लावण्याचे काम एका जबाबदार कार्यकर्त्याकडे सोपवावे, आणि गरजू मुलामुलींचे परीक्षाशुल्क मंडळाच्या निधीतून उसने द्यावे. सभागृहाच्या रंगरंगोटीहून हा खर्च थोडा आहे. आपल्या एकाही लेकराच्या हाती जाहिरात नऊ दिवस उशिरा पडू नये, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.