पासष्टीच्या उंबरठ्यावर

रत्नागिरीस भाट्याच्या खाडीकाठीं जाळीं विणणारा एक वृद्ध आहे. एक पाय निकामी झाल्यापासून संजय गांधी निराधार योजनेचें अनुदान हाच त्याच्या चुलीचा आधार. आतां तो ६४ वर्षांचा आहे. ही योजना ६५ वर्षांच्या आंतील निराधारांसाठीं. पुढें श्रावणबाळ योजना. नव्यासाठीं अर्ज करावा आणि जुनेंही हातचें जावें, ही त्याची भीति.

भीति अनाठायीं नाहीं. परंतु स्वस्थ बसणें हा तिच्यावर उपाय नव्हे. ६५ वर्षें पूर्ण होण्यापूर्वींच तहसील कचेरींत चौकशी करावी. नवी मंजुरी मिळेपर्यंत जुनें अनुदान आपण होऊन सोडूं नये. त्याहून महत्त्वाचें म्हणजे, अपंगत्वाचा दाखला नव्या अर्जासही जोडावा. २०२५ सालीं महाराष्ट्र शासनानें दोन्ही योजनांतील दिव्यांगांचें मासिक साहाय्य १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये केलें. ती वाढ केवळ दिव्यांगांपुरती होती. दाखला मागें राहिला, तर मनुष्य नुसता वृद्ध म्हणून नोंदला जाण्याचा आणि दरमहा हजार रुपयांस मुकण्याचा संभव आहे. त्या वृद्धाचें वय वाढेल. पाय कांहीं बरा व्हावयाचा नाहीं.