बुद्धिबळाच्या स्पर्धा कशा भरवाव्यात?



आपल्या मंडळाच्या वतीने आम्ही शहापुरास बुद्धिबळाच्या स्पर्धा भरविल्या, त्या बाद पद्धतीने. मुरबाडास अद्याप आगगाडी नाही. तिकडून पहाटेची एस. टी. धरून आलेला एक मुलगा पहिलाच डाव हरला आणि परतीच्या गाडीची वाट पाहत दिवसभर बसून राहिला. प्रवेश फी मात्र आम्ही त्याच्याकडून पुरती घेतली होती. ही गोष्ट आमच्या मनास लागून राहिली आहे.

१८९५ साली झुरिच येथे प्रथम योजिलेली स्विस पद्धती आता स्वीकारावी, असे आम्हांस वाटते. ६४ खेळाडू असता बाद पद्धतीत पहिल्याच फेरीस ३२ जण बाहेर पडतात; स्विस पद्धतीत ६ फेऱ्या ठेविल्यास सर्वजण सहाही डाव खेळतात, व शक्यतो समान गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात. जोड्या लावण्याचे किचकट काम आज संगणक क्षणात करितो.

दहा वर्षांखालील, चौदा वर्षांखालील व खुला असे तीन गट असावेत. मुलांची फी नाममात्र ठेवून बक्षिसांचा भार ऐपतदारांनी उचलावा. गाडीस उशीर झाल्यास खेळाडूसाठी किती वेळ थांबावयाचे, हे संगणक ठरविणार नाही. ते पंचांनी आधीच जाहीर करावे.