डिस्क आत जाते, पण लागत नाही



नागपूरच्या प्रताप नगरसारख्या वस्तीत टीव्हीखालचा कप्पा उघडला, की हमखास दोन-चार डिस्क निघतात. कुणाचं साक्षगंध, कुणाची मुंज, लेकीचं लग्न. दिसायला साऱ्या सारख्याच. मग एक लागते आणि दुसरी का लागत नाही?

सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे, सगळ्यांचा व्यास 12 सेंटिमीटर आणि जाडी 1.2 मिलिमीटर. फरक आहे तो पोटात. माहिती सूक्ष्म खळग्यांच्या रूपात असते आणि लेझरचा किरण ती वाचतो. सीडीत हे खळगे पार लेबलच्या खाली, म्हणजे किरणाच्या बाजूने 1.2 मिलिमीटर खोल. डीव्हीडीत ते मधोमध, 0.6 मिलिमीटरवर. शिवाय डीव्हीडीचा लेझर लाल. नंतर आलेल्या निळसर-जांभळ्या लेझरची तरंगलांबी त्याहून कमी, त्यामुळे तो आणखी बारीक खळगे वाचतो. जाड बोरूऐवजी बारीक निब घेतली, की त्याच पानावर जास्त मजकूर मावतो, तसंच हे.

हा नवा लेझर हाती आला आणि उद्योगात दोन तट पडले. तोशिबाने एचडी डीव्हीडी काढली. माहितीची खोली जुनीच ठेवली, 0.6 मिलिमीटर. फायदा असा, की डीव्हीडीचे कारखाने थोड्या बदलाने वापरता येत. सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स यांनी ब्लू-रे काढली. माहिती पृष्ठभागापासून अवघ्या 0.1 मिलिमीटरवर आणली. त्यामुळे किरण अधिक बारीक एकवटतो. एचडी डीव्हीडीच्या एका थरात 15 जीबी मावत होते, तर ब्लू-रेच्या थरात 25. पण त्यासाठी यंत्रं नवी लागली आणि ओरखडे पडू नयेत म्हणून वरून कठीण लेपही द्यावा लागला.

2005 मध्ये एकत्र येण्याची बोलणी झाली, ती फिसकटली. 2006 मध्ये दोन्ही डिस्क बाजारात उतरल्या आणि गिऱ्हाईक हात आखडून बसलं. मग सुरू झाला मधल्या वाटेचा शोध. जानेवारी 2007 मध्ये एलजीने दोन्ही वाचणारा प्लेअर आणला, किंमत सुमारे 1200 डॉलर! हॉलिवूडच्या वॉर्नर या सिनेमा कंपनीने एका बाजूला ब्लू-रे आणि दुसऱ्या बाजूला एचडी डीव्हीडी अशी डिस्क जाहीर केली. ती दुकानात कधी आलीच नाही.

याआधी घरी लिहिण्याच्या डीव्हीडीतही ‘मायनस आर’ आणि ‘प्लस आर’ असा झगडा झाला होता. तो स्वस्तात मिटला, कारण दोन्हींचा लेझर एक आणि खोलीही एक. एकाच ड्राइव्हने दोन्ही सांभाळल्या. इथे लेझर सारखा होता, पण खोली आणि भिंग वेगळं. म्हणून तडजोड महागात पडली.

सोनीच्या प्लेस्टेशन 3 या खेळयंत्रातून ब्लू-रे घराघरांत शिरली होती. जानेवारी 2008 मध्ये वॉर्नरने ब्लू-रेची बाजू घेतली आणि 19 फेब्रुवारीला तोशिबाने हार मानली.

आपल्याकडे या लढाईची झळ फारशी लागली नाही. 2007 मध्ये मोझर बेअर कंपनी सिनेमाची व्हीसीडी 28 रुपयांत आणि डीव्हीडी 34 रुपयांत विकत होती. महागडं यंत्र घ्यायची घाई कोण करणार?

आपली अडचण वेगळीच निघाली. लग्नाची डीव्हीडी अमेरिकेतल्या भावाला पाठवली आणि तिथे ती लागली नाही. विकतच्या सिनेमाच्या डीव्हीडीवर प्रदेशाचं कुलूप असतं. भारत पाचव्या विभागात, अमेरिका पहिल्या. लग्नाच्या डिस्कवर सहसा ते नसतं. तिचं चित्र मात्र आपल्या पाल पद्धतीचं, सेकंदाला 25 चौकटी. अमेरिकेतली एनटीएससी पद्धत जवळपास 30 चौकटींची. तिथला प्लेअर अडला, तरी संगणकावर तीच डिस्क बहुधा चालते.

आणि त्या लढाईत जिंकलेल्या ब्लू-रेचं तरी काय झालं? घरी लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन सोनीने फेब्रुवारी 2025 मध्ये थांबवलं. तेव्हा डिस्कचा कुठलाही प्रकार कायमचा नाही. जपायचा तो आतला मजकूर.

घरी लिहिलेल्या सीडी-डीव्हीडीत माहिती सहसा रंगद्रव्याच्या थरात असते. ऊन आणि उष्णता त्याचे वैरी, आणि नागपूरचा मे महिना कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून डिस्क उन्हापासून दूर ठेवा. पुसायची झाली तर मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोलगोल नको. एका ड्राइव्हवर लागली नाही, तर दुसऱ्यावर लावून बघा. आतल्या फाइली आहेत तशा उतरवून घ्या, वर एक एमपी-फोर प्रतही करा, आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत कप्पा रिकामा करण्याआधी एवढं काम मात्र नक्की उरका.